नवारीचा पट्टा

कल्पना करा, तुमच्यासमोर एक खुर्ची आहे. तिची बैठक कधीच फाटून गेली आहे. उरली आहे ती नुसती लाकडी चौकट आणि चौकटीच्या काठाने पाडलेली भोकं. बाजूच्या टबात वेताच्या लांब, चपट्या पट्ट्या भिजत पडल्यात. त्यातली एक उचला. एका भोकातून वर काढा, समोरच्या भोकातून खाली सोडा आणि ओढा. किती ओढायचं ते कुणी सांगू शकत नाही. सैल राहिली तर चार महिन्यांत बैठक झोळीसारखी लोंबेल. जास्त ओढली तर पट्टी वाळताना आणखी आखडेल आणि एक दिवस टणकन तुटेल. ओढ बरोबर बसली की भोकात लाकडी खुंटी दाबून बसवायची, म्हणजे पुढची पट्टी घालेपर्यंत आधीची सुटत नाही. एका बैठकीला अशा सहा फेऱ्या. दोन उभ्या, दोन आडव्या, दोन तिरक्या. गुडघ्यांत चौकट धरून, कंबरेतून मागे झुकून, दात आवळून.

आता हीच ओढ देताना तुमच्या पोटाच्या तळाशी काहीतरी हळूच खाली सरकलं अशी कल्पना करा. दुखलं नाही. नुसतं सरकलं. हातातली पट्टी सोडता येत नाही, कारण खुंटी अजून दातांत आहे.

खुंटीकाकूंचं नेमकं असंच झालं.

शिंपी जसा टाचण्या ओठांत धरतो, तशी ही बाई सतत एक खुंटी दातांत धरून काम करते, म्हणून कारखान्यात तिचं नाव खुंटीकाकू पडलं. कारखाना म्हणजे फार मोठं काही नाही. रस्त्याला लागून एक लांबट शेड, पुढे मिस्त्रीचं सुतारकाम, मधे गाद्या-सोफ्यांचं काम, आणि मागच्या खिडकीपाशी काकूंचा टब आणि बुटकं स्टूल. त्या स्टुलावर त्यांची सव्वीस वर्षं गेली. त्यांच्या विणलेल्या बैठकीवर बोट मारलं की डफासारखा आवाज येतो. मिस्त्री गिऱ्हाइकासमोर मुद्दाम बोट मारून दाखवतो आणि वर म्हणतो, "आमच्या काकूंची खुर्ची मोडेल, पण बैठक बसणार नाही."

आठ महिन्यांपूर्वी एका वाचनालयाच्या चाळीस खुर्च्या दुरुस्तीला आल्या. काकूंनी सवयीप्रमाणे दोन्ही हातांत दोन खुर्च्या उचलून मागे न्यायला सुरुवात केली. सात-आठ फेऱ्या झाल्या. मग स्टुलावर बसून पहिली पट्टी ओढली आणि ते सरकणं झालं. त्या उठल्या, शेडमागच्या संडासात गेल्या, आणि हात लावून बघितलं. सुपारीपेक्षा मोठं, मऊ, ओलसर असं काहीतरी, जिथे काही असू नये तिथे होतं.

 पहिला विचार आला तो गाठीचा. पण दुसराच विचार आला तो आईचा, आणि तो जास्त वाईट होता.

आई शेवटची दहा वर्षं कायम एका अंगावर कलून बसायची. लुगड्यावरून कंबरेला जाड कापड करकचून आवळलेलं असायचं, आणि तिचे काही कपडे ती कुणाला धुवायला देत नसे. कधी विचारलं तर म्हणायची, "बाईचं अंग आहे, उतरायचंच." एवढंच. ते उतरणं म्हणजे काय, हे काकूंना बावन्नाव्या वर्षी त्या संडासाच्या बंद दाराआड कळलं.

कुणाला सांगायचं? नवऱ्याला जाऊन सहा वर्षं झाली. लेक दोन बसथांबे पलीकडे राहते, पण तिच्याशी असलं बोलायची जीभच उचलेना. मिस्त्रीला सांगणं तर अशक्य. काकूंनी मग तेच केलं जे त्यांना उत्तम येत होतं. सोफ्याच्या स्प्रिंगखाली जी चार बोटं रुंद जाड नवार लावतात, तिचा कंबरेच्या मापाचा तुकडा कापला, त्याला दुहेरी शिलाई मारली, लोखंडी बक्कल बसवलं, आणि परकराच्या आतून पोटावर आवळून बांधला. सैल पडलंय ना, मग ताणून बांधायचं. सव्वीस वर्षांच्या कामात याहून वेगळं त्यांनी काही केलंच नव्हतं.

पहिले आठ-दहा दिवस बरंही वाटलं. पाठ ताठ राहिली. साडीखालून उठून दिसणारं बक्कल मिस्त्रीच्या नजरेतून सुटलं नाही.

"काकू, काय हो, आखाड्यात उतरताय की काय?"

"तुमच्यासारख्यांशी कुस्ती खेळायची तर तयारी नको?"

"मग मी आत्ताच चीतपट. तेवढी टेबलं पुढे आणता का?"

काकूंनी टेबलं आणली. पट्टा होता ना.

पण महिन्याभरात ते सरकलेलं जास्त सरकू लागलं. दुपारनंतर चालताना मांड्यांमध्ये घासायचं. खोकला आला की कपडे ओले व्हायचे, म्हणून त्यांनी पाणी पिणं कमी केलं. पाणी कमी केल्यावर पोट साफ होईना, मग संडासात कुंथणं आलं, आणि कुंथलं की ते आणखी खाली. काकूंनी बक्कल एक भोक पुढे सरकवलं. मग आणखी एक. घरी आल्यावर पट्टा सोडला की पोटावर लाल वळ उठलेला असायचा, आणि त्या वळाकडे बघून त्यांना वाटायचं, आता बरोबर ओढ बसली आहे.

अशातच एका दुपारी लेक कारखान्यात आली. ती चष्म्यांच्या दुकानात काम करते, जेवायच्या सुट्टीत धावतपळत आलेली. आत शिरल्या शिरल्या म्हणाली, "आई, उठ आधी. बसून ऐकायची गोष्ट नाही ही."

"काय झालं?"

"उठ तर!"

काकू उठल्या नाहीत. पाचच मिनिटांपूर्वी लघवी टिपायला आत ठेवलेलं कापड सरकलं होतं आणि स्टूल ओलं झालं होतं.

"सांग ना, ऐकतेय मी."

लेकीचा चेहरा थोडा उतरला. "मला दिवस गेलेत," ती म्हणाली.

मिस्त्रीने पुढून टाळी वाजवली. काकूंनी बसल्या बसल्याच लेकीचा हात धरला, "छान झालं गं," म्हणाल्या, आणि परत पट्टी उचलली. लेक थोडा वेळ उभी राहिली आणि सुट्टी संपली म्हणून निघून गेली.

त्यानंतर तिने तीनदा तपासणीला सोबत चल म्हणून विचारलं. एकदा काकूंना काम होतं, एकदा पाय दुखत होता, एकदा त्यांनी फोनच उचलला नाही. दवाखान्याच्या त्या लांबलचक रांगेत दोन-दोन तास उभं राहणं त्यांच्या हातचं राहिलं नव्हतं. लेकीने चौथ्यांदा विचारलं नाही.

शेवटी काकूंना दवाखान्यात नेलं ते लघवीने. एका सकाळी ती होईचना. बसून, उठून, वाकून, नळ सोडून बघितलं. शेवटी बोटाने ते बाहेर आलेलं आत ढकललं तेव्हा धार लागली. काकू तशाच भिंतीला टेकून रडल्या. मग तोंड धुतलं, कारखान्यात उशीर होईल म्हणून कळवलं, आणि लेक तपासणीला जायची त्या इस्पितळात न जाता गावाच्या दुसऱ्या टोकाच्या दवाखान्यात गेल्या.

डॉक्टरीणबाई पस्तिशीच्या होत्या, बोलायला मोकळ्या. तपासून झाल्यावर म्हणाल्या, "मावशी, घाबरू नका. ही गाठ नाही, कॅन्सर नाही. गर्भपिशवी खाली आली आहे, आणि योनीमार्गाची पुढची भिंत लघवीच्या पिशवीला घेऊन खाली उतरली आहे. पुष्कळ बायकांना होतं. बहुतेकजणी तुमच्यासारख्याच उशिरा येतात."

"अंग बाहेर आलंय म्हणा की."

"तेच. पण हे कमरेला काय आहे? हा वळ कसला?"

काकूंनी पिशवीतून पट्टा काढून टेबलावर ठेवला. जरा अभिमानानेच. शिलाई एकदम सरळ होती.

डॉक्टरीणबाईंनी तो उलटसुलट करून बघितला. मग टेबलावरचा एक रबरी हातमोजा घेतला, नळाखाली धरून अर्धा भरला, तोंडाला गाठ मारली आणि काकूंच्या हातात दिला.

"मधोमध आवळा."

काकूंनी आवळला. मोज्याची पाचही बोटं टरारून फुगली.

"पाणी कुठे गेलं?"

"खाली," काकू म्हणाल्या. "म्हणजे मीच..."

"तुमच्यामुळे झालं असं मी म्हणत नाही. झालेलं होतंच. पट्ट्याने त्यात भर घातली."

मग त्यांनी कागदावर चित्र काढून सांगितलं. पोटाच्या तळाशी स्नायूंची एक झोळी असते. गर्भपिशवी, लघवीची पिशवी, आतड्याचं शेवटचं टोक, सगळं तिच्यावर टेकलेलं. आणि वरून, बाजूंनी हे सगळं चिवट पडद्यांनी आणि दोऱ्यांसारख्या बंधांनी हाडांना बांधलेलं. झोळी भार घेते तोवर दोऱ्यांना फारसं काम नसतं. बाळंतपणात झोळी ताणते, कधी फाटते. मग सगळा भार दोऱ्यांवर येतो. दोऱ्या कोलॅजन नावाच्या पदार्थाच्या तंतूंनी बनतात. शरीर जुने तंतू मोडून नवे घालत असतं. पण वय वाढलं, पाळी गेली, की हे दुरुस्तीचं काम बिघडतं. मोडणं जास्त, घालणं कमी. त्यात वर्षानुवर्षं जड उचलणं, कुंथणं, खोकणं.

"म्हणजे वेत," काकू म्हणाल्या.

"कसला वेत?"

"मी वेताच्या खुर्च्या विणते. एकाच दिवशी, एकाच हाताने विणलेल्या दोन खुर्च्या असतात. एक पंधरा वर्षं टिकते, दुसरी दोन वर्षांत लोंबते. विणीत चूक नसते. वेताची जुडीच हलकी असते."

डॉक्टरीणबाई खुर्चीत पुढे सरकल्या. "अगदी असंच. काही बायकांचे तंतू मुळातच वेगळ्या घडणीचे असतात. जास्त लवचिक, कमी चिवट. बघू, तुमचा अंगठा मागे वाकवून मनगटाला टेकतो का?"

काकूंनी विचार न करता अंगठा टेकवला. कोपरही सरळ करता करता उलटं वाकवून दाखवलं. लहानपणापासून ही त्यांची गंमत होती, पाहुण्यांसमोर करून दाखवायची.

"घरात अजून कुणाचं असं?"

"आईचं. तिचंही... अंग उतरलं होतं."

"आणि मुलगी आहे का तुम्हाला? तिचं?"

काकूंच्या डोळ्यांसमोर लेक आली, आठ वर्षांची, दोन्ही पाय मानेमागे घेऊन सतरंजीवर बसलेली. सगळी गल्ली तिला रबर म्हणायची. शाळेच्या कार्यक्रमात तिने शरीराचं वर्तुळ केलं तेव्हा काकूंनीच सगळ्यात मोठ्याने टाळ्या वाजवल्या होत्या.

"तिचं नाही बघितलं कधी," काकू म्हणाल्या.

त्यांना आत बसवायची एक रिंग मिळाली, लोंबणाऱ्याला टेकू द्यायला. तळाचे स्नायू आवळून धरायचे आणि सोडायचे व्यायाम मिळाले. भरपूर पाणी, पालेभाज्या, जड उचलणं बंद. सहा महिन्यांत बघू, नाहीतर ऑपरेशन. पट्टा डॉक्टरीणबाईंनी परत दिला तेव्हा काकूंनी तो बाहेरच्या कचऱ्याच्या डब्यात टाकला. चार पावलं गेल्या. परत आल्या, आणि बक्कल तेवढं काढून घेतलं. चांगलं लोखंडी होतं.

कारखान्यात त्यांनी मिस्त्रीला सांगितलं, आजपासून मी खुर्च्या उचलणार नाही.

"का? पट्टा कुठे गेला?"

"डॉक्टरांनी काढायला लावला. आतली पिशवी सरकली आहे. बायकांचं असतं."

मिस्त्रीच्या तोंडावर येणारा विनोद तिथल्या तिथे विरला. त्याने रंध्याचं पातं उगीचच पुसलं. दुसऱ्या दिवशी सकाळी काकू आल्या तेव्हा सगळ्या खुर्च्या त्यांच्या स्टुलापाशी आधीच आणून ठेवलेल्या होत्या. दुपारी तो जवळ आला आणि टबाकडे बघत म्हणाला, "काकू, त्या डॉक्टरीणबाई कधी बसतात? आमच्या घरातून विचारलंय." काकूंनी वार आणि वेळ सांगितली. 

रिंगने आराम पडला. काकू पाय मोकळे टाकून चालू लागल्या. पण जिवाला चैन पडेना. डॉक्टरांशी खोटं बोललेलं मनात सलत होतं. लेकीला सातवा संपत आला होता. सांगितलं तर पोटुशी पोर घाबरेल. नाही सांगितलं तर तीही एक दिवस अशीच कुठल्यातरी बंद दाराआड हात लावून बघेल, आणि तिला कळेल की आईला माहीत होतं.

रविवारी काकू लेकीच्या घरी गेल्या. जावई बाहेर गेला होता. लेक पलंगावर बसून बाळाची दुपटी घडी करत होती. तिने आईकडे बघितलं आणि म्हणाली, "आज पाय दुखत नाही वाटतं?"

टोमणा नीट लागला. काकू तिच्या शेजारी बसल्या आणि सगळं सांगितलं. वाचनालयाच्या खुर्च्या, नवारीचा पट्टा, मोजा, रिंग, आजी. सांगताना त्या दुपट्याच्या शिवणीकडे बघत होत्या.

लेकीने दुपट्याची घडी अर्धीच सोडली. मग म्हणाली, "किती दिवस चाललंय हे?"

"आठ महिने."

"म्हणजे मी सांगायला आले त्या दिवशी..."

"स्टूल ओलं झालं होतं गं. मिस्त्री समोर. कशी उठणार होते मी?"

"आणि मी पाच महिने समजतेय की माझ्या आईला आनंदच झाला नाही!" लेकीचे डोळे भरले, पण आवाज चढला. "ह्यांना मी सांगितलं, आईला नातवंड नकोय बहुतेक. काय गं तुम्ही बायका! आजीने तुला सांगितलं नाही, तू मला सांगितलं नाहीस. मी पण काय माझ्या पोरीला असंच कलून बसून दाखवायचं?"

 लेकीने दुपटं बाजूला ठेवलं, उजवा अंगठा धरला आणि मागे वाकवला. तो अलगद मनगटाला टेकला. तिने तो तसाच धरून ठेवला.

"माझंही असंच होणार?"

"मला माहीत नाही."

"मग चल. तुझ्या त्या डॉक्टरीणबाईंना विचारू. आणि ह्या वेळी फोन उचल."

तीन दिवसांनी दोघी गेल्या. डॉक्टरीणबाईंनी लेकीचा अंगठा बघितला, कोपर, गुडघे बघितले. काकूंकडे एकदा बघितलं, पण त्या दिवशीच्या उत्तराबद्दल काही काढलं नाही.

"होईलच असं नाही," त्या लेकीला म्हणाल्या. "आईला, आजीला होतं आणि सांधे सैल आहेत, म्हणजे शक्यता इतरांपेक्षा जास्त. पण असे सांधे असून काही न झालेल्या कितीतरी बायका आहेत, आणि ताठ सांधेवाल्यांनाही हे होतं. तुमच्या डॉक्टरांना हे सगळं आधीच सांगून ठेवा. तळाचे व्यायाम आजपासून सुरू करा. बाळंतपणानंतर लघवी सुटली, खाली जड वाटलं, तर लाजू नका, लगेच या."

"पण आत्ता कळत नाही का?" काकूंनी विचारलं. "रक्त तपासून, फोटो काढून? तिच्या दोऱ्या कशा आहेत ते?"

"खात्रीने सांगेल अशी तपासणी आज नाही, मावशी. तंतूंवर अभ्यास खूप झालेत, पण सगळ्यांची उत्तरं जुळत नाहीत. झालेल्या बायकांचे तंतू वेगळे दिसतात. ते वेगळे होते म्हणून झालं, की झाल्यावर ताणून वेगळे झाले, हेही नीट सुटलेलं नाही."

बाहेर आल्यावर लेकीने आईचा हात धरला. बसथांब्यापर्यंत दोघी सावकाश चालत गेल्या. एकीला पोटाचा भार, दुसरीला रिंगची सवय नाही. थांब्यावर लेक म्हणाली, "आई, तो आवळायचा व्यायाम तू आत्ता करतेयस ना? तुझ्या तोंडावरून कळतंय."

"कसं काय?"

"खुंटी दातांत धरल्यासारखं तोंड झालंय."

काकू हसल्या. त्यांच्याबरोबर लेकही.

दुसऱ्या दिवशी कारखान्यात वेताचा नवा माल आला. काकूंनी जुडीची सुतळी सोडली, आणि नेहमीप्रमाणे प्रत्येक जुडीतली एक पट्टी उपसून, ओली करून, बोटाभोवती गुंडाळून बघू लागल्या. चांगली पट्टी बोट घट्ट धरते. हलकी असली तर गुळगुळीत वाकते, फार पटकन वाकते, आणि वाकल्या जागी तिचे तंतू बारीक केसांसारखे वर येतात. तशी जुडी त्या बाजूला ठेवतात; तिच्या बैठका विणायच्या नाहीत, पाठी विणायच्या, तिथे भार येत नाही. पहिली जुडी चांगली निघाली. दुसरीही. तिसरीची पट्टी बोटाभोवती गुंडाळली आणि त्यांचा हात थांबला.

वेताचं कुणी बसायच्या आधी कळतं. मग पोरीचं, तिच्यावर भार यायच्या आधी, कधीतरी कुणाला कळेल का?